ब्याण्णव कमरेचे सर

पँटवरून अंडरवेअर चढवून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साहेब निघाला.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला होजिअरीचं एक दुकान आहे. भर दुपारची वेळ. चार बायका काउंटरवर पोरांचे बनियन निवडत होत्या. सरांनी बूट काढले, खोक्यातली पांढरी अंडरवेअर झटकली, पँटवरून वर ओढली आणि तिथंच उठाबशा काढायला सुरुवात केली. दर उठाबशीला थांबायचे, मागं हात नेऊन चाचपायचे, मान हलवायचे. दुकानदार धावत आला.

"सर, ह्याचं ट्रायल न्हाई करता येत हो!"

"म्हणून तर ही अवस्था आहे," सर पाचव्या उठाबशीतून वर येत म्हणाले. "शर्टाचं ट्रायल होतं, बुटाचं होतं. आणि जो कपडा सगळ्यात नाजूक जागी बसतो, तो डोळे झाकून घ्यायचा? बिलकुल न्हाई."

बायका बाहेर गेल्या. त्यांच्या मागोमाग मीही गेलो आणि रस्त्यापलीकडच्या बँकेच्या पायरीवर, आपला या माणसाशी काही संबंध नाही असा चेहरा करून बसलो.

सर म्हणजे आमच्या बियाणे कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेचे प्रमुख. लॅब एमआयडीसीत, शेजारी लोखंडाची मिल. दिवसभर तिकडे सळया आपटायच्या आणि इकडे आम्ही चिमट्यानं बी मोजायचो. आलेल्या प्रत्येक मालातून नमुना काढायचा, चारशे दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते पाहायचं. सरांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. "लेबल काहीही सांगतं. तुम्ही बी मोजा." हे ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. कँटीनमध्ये साखरेच्या डब्याकडे पाहूनसुद्धा म्हणायचे.

बियाण्याच्या पिशवीवरच्या टॅगला नऊ महिन्यांची मुदत असते. ती संपली की पुन्हा तपासणी, पुन्हा नवा टॅग. एकदा सरांनी भरलेला ट्रक गेटवर उभा केला, कारण टॅगची मुदत आदल्या दिवशी संपली होती. विक्री विभागाचा माणूस काकुळतीला आला. "सर, एका दिवसात बी मरतं का हो?"

"मेलं का न्हाई ते मोजल्यावर कळंल," सर म्हणाले, आणि ट्रक रिकामा करायला लावला. त्या माणसानं पुढं वर्षभर सरांना नमस्कार केला नाही, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा माणसाची गाठ अंडरवेअरच्या धंद्याशी पडली, हे त्या धंद्याचं नशीब. बाजारात मापं पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव, शंभर अशी येतात. सरांची कंबर ब्याण्णव. हा आकडा ते आडनावासारखा सांगायचे. "मी ब्याण्णवचा माणूस. नव्वद घातली तर चावते. पंच्याण्णव घातली तर सैल पडून पोटाखाली उतरते. मधल्या माणसानं जायचं कुठं?" हा प्रश्न ते शिपायाला विचारायचे, ऑडिटरला विचारायचे. एकदा कंपनीच्या मालकांनी सहज "कसं काय?" म्हटलं, तर त्यांनाही विचारला. मालकांनी त्यानंतर लॅबमध्ये येणं कमी केलं.

मापावरच थांबले असते तरी आम्ही सोसलं असतं. पण समोरच्या फटीबद्दल त्यांचं वेगळं म्हणणं होतं. "ह्या खिडकीतून आजवर कोणी कारभार केलाय, एक माणूस दाखवा मला." खरं सांगायचं तर आमच्यातल्या कोणीच केला नव्हता, त्यामुळं आम्ही खाली मान घालून दाणे मोजत राहायचो. मग मधली शिवण. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे मागचा टॅग, जो नेमका माकडहाडाच्या वर टोचायचा. सर नवी अंडरवेअर घेतली की लॅबच्या कात्रीनं तो टॅग कापायचे आणि नमुन्याच्या काचेच्या बाटलीत टाकायचे. बाटलीवर लिहिलं होतं, 'आरोपी'. मी नोकरीला लागलो तेव्हा ती बाटली अर्धी भरली होती.

कंपन्यांना ते पत्रं लिहायचे. पूर्वी टपालानं, अलीकडं ईमेलनं. वेबसाइटवर एक तारा देऊन खाली दोन पानी अभिप्राय, शुद्ध मराठीत. एका कंपनीनं उत्तरादाखल आभार मानले आणि एक कॅलेंडर पाठवलं. त्यावर अंडरवेअरमधला एक पिळदार तरुण कमरेवर हात ठेवून उभा. सरांनी ते लॅबच्या भिंतीला लावलं आणि त्या तरुणाच्या पोटावर लाल पेनानं शेरा मारला, 'हा माणूस बसलेला नाही. निष्कर्ष ग्राह्य नाही.'

त्यांच्या या दुखण्याची झळ सगळ्यात जास्त मला बसली, कारण प्लॉट पाहायला जाताना ते माझ्या मोटारसायकलवर मागं बसायचे. टेंभुर्णीकडे आमचे मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट होते. थोडं अंतर गेलं की खांद्यावर थाप. "थांबा." मी थांबायचो. सर बाभळीमागं जायचे, तिथं काहीतरी ओढाओढ व्हायची आणि ते गंभीर चेहऱ्यानं परत यायचे. टेंभुर्णी येईपर्यंत चार बाभळी. परतताना चार. रानातल्या लोकांना हे लांबून दिसायचं. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं की सरांना शुगर आहे. एका शेतकऱ्यानं तर जांभळाच्या बियांची पूड बरणीत भरून आणून दिली. "सकाळी उपाशीपोटी घ्या सर, आमच्या चुलत्याला बराबर फरक पडला." सरांनी बरणी मुकाट्यानं घेतली. खरं कारण समजावून सांगण्यापेक्षा ती कडू पूड खाणं त्यांना सोपं वाटलं असावं. आठ दिवस त्यांनी ती खाल्लीही.

शेवटी एके दिवशी सरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि दार लावलं. मला वाटलं, बदली.

"आपण ट्रायल घेऊन राह्यलोय," ते म्हणाले.

"कशाचं सर?"

"अंडरवेअरचं."

योजना अशी होती. बाजारातल्या सहा कंपन्यांची एकेक अंडरवेअर आणायची, काही नव्वदच्या, काही पंच्याण्णवच्या. प्रत्येकीवरचं कंपनीचं नाव काढून टाकायचं आणि एक ते सहा आकडे घालायचे. कोणता आकडा कोणत्या कंपनीचा हे फक्त मला माहीत, आणि ते बंद पाकिटात. परीक्षकाला नमुना कुणाचा हे कळता कामा नये, हा लॅबचा कायदाच होता. प्रत्येक नमुना तीन दिवस, क्रम चिठ्ठ्या टाकून. सुरुवातीला सरांची इच्छा होती की लॅबमधल्या सगळ्यांनी भाग घ्यावा. आम्ही सगळ्यांनी मिळून हात जोडले. तेव्हा परीक्षक एकटे सरच राहिले.

त्या संध्याकाळी मी घरी फरशीवर बसून दुसऱ्याच्या सहा कोऱ्या अंडरवेअरची नावं उसवत होतो. बायको भाजी निवडता निवडता बराच वेळ पाहत होती.

"ह्या कुणाच्या?"

"सरांच्या."

"मंग तुम्ही काय करून राह्यलात?"

"ऑफिसचं काम आहे," मी म्हणालो. ती भाजी घेऊन आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बेतानंच बोलली.

ट्रायल सुरू होऊन चार दिवस झाले असतील, तेव्हा सरांच्या घरून वहिनी आमच्याकडे आल्या. सरांची बायको म्हणजे शांत बाई. गळ्यात कायम शिलाईचा टेप. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज, पोरांचे शाळेचे ड्रेस त्याच शिवायच्या. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं.

"भाऊजी, कोऱ्या धुवायला टाकल्या तेव्हापासून तारेवर नंबर दिसून राह्यलेत मला. एक ते सहा. सातवा नंबर चालंल का?"

पुडक्यात एक अंडरवेअर होती. मऊ होजिअरीचं कापड, चपटी शिवण, रुंद लास्टिक, पण तेही कापडाच्या आत झाकलेलं. समोर खिडकी नाही. मागं टॅग नाही. मी पाहतच राहिलो.

"तुम्ही शिवली?"

"सत्तावीस वर्षं जेवताना हेच ऐकलंय मी. काय पाहिजे न् काय नको, सगळं पाठ आहे." मग त्यांनी ब्लाउजच्या पाकिटासारख्या एका जुन्या पाकिटातून पिवळी पडलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. अक्षर सरांचंच. 'शिवण जाड. डावी बाजू उंच. नापास.' खाली सही.

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शिवल्ती," वहिनी म्हणाल्या. "माहेरून मशीन आणलं, पहिलं शिवण ह्यांचंच. एक दिवस घातली न् संध्याकाळी घडी करून त्याच्यावर ही चिठ्ठी ठेवल्ती. मशीनच्या खणात ठेवून दिली मी. त्याच्यानंतर साऱ्या कॉलनीचं शिवलं, ह्यांचा रुमाल पण शिवला न्हाई. ह्यांनीही कधी मागितला न्हाई."

मला सरांचा मनापासून राग आला. मी म्हणालो, "सरांना सांगूनच द्या ना मग."

"न्हाई. तेव्हा शिवण खरंच जाड होती, ते खोटं न्हाई बोलले. माझा हात बसला का न्हाई, ते मला ह्यांच्या रजिस्टरात बघायचंय. नाव न सांगता. पास झाली तर मंग बघू. आणि पुन्हा नापास झाली तर ह्यांना कळू द्यायचं न्हाई. मशीन मी पुतणीला देऊन टाकते."

एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी परत घेतली आणि चहा न घेता गेल्या. मी सातचा आकडा घातला आणि पाकिटातल्या कागदावर सातव्या ओळीत लिहिलं, 'वहिनी'.

"उशिरा आलेला नमुना," मी सरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठल्या कंपनीचा?"

"सर, तुम्हीच म्हणता, परीक्षकाला कळता कामा नये."

सर खूश झाले. मी प्रथमच काहीतरी शिकलो असं त्यांना वाटलं असावं.

रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं. रोजचे पाच रकाने. बसणे, उठणे, जिना, मोटारसायकल, जेवणानंतर. त्यातल्या नोंदी मी अजून विसरलेलो नाही. 'क्र. ४. अकरापर्यंत समाधानकारक. जिन्यात डावीकडे सरकते. साबुदाण्याच्या खिचडीनंतर वागणूक बदलली.' 'क्र. २. मोटारसायकलवर असह्य. दोन बाभळी.' 'क्र. ५. हिला शत्रूला देऊ नये.' गुण शंभरपैकी. कोणालाच चाळिशी गाठता आली नाही.

सातव्या नमुन्याची चिठ्ठी निघाली त्या सकाळी मी अर्धा तास आधीच लॅबमध्ये जाऊन बसलो. सर आले, कोट अडकवला, कामाला लागले. दर तासाला मी रजिस्टर उघडायचो. पहिला रकाना कोरा. दुसरा कोरा. जेवणानंतरचाही कोरा. एरवी शेजारच्या मिलच्या भोंग्याबरोबर नोंद करणारा माणूस. मला वाटलं, लिहिण्याच्याही पलीकडं गेलं प्रकरण. डोळ्यांसमोर पुतणीच्या घरी निघालेलं मशीन दिसायला लागलं. पाच वाजता राहवलं नाही.

"सर, आज नोंदी न्हाईत?"

सरांनी रजिस्टर पाहिलं. चेहरा गोंधळला. "विसरलो."

"नोंद करायला?"

"न्हाई हो," सर हळू आवाजात म्हणाले. "घातलीय हेच विसरलो."

त्यांनी पेन उघडलं, पाचही रकान्यांवरून एकच लांब रेघ ओढली आणि लिहिलं, 'जाणवली नाही.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही टेंभुर्णीला गेलो, आणि एकही बाभूळ लागली नाही. मिरचीवाला शेतकरी धावत आला. "सर, पूड लागू पडली बगा!" सर म्हणाले, "बिलकुल." तो एवढा आनंदला की त्यानं दुसरी बरणी दिली.

ट्रायल संपलं. सगळ्यांसमोर चहा मागवून सरांनी पाकीट फोडलं. क्रमांक सात, गुण अठ्ठ्याण्णव. दोन गुण त्यांनी तत्त्व म्हणून कापले होते. कागदावर बोट फिरवत ते सातव्या ओळीवर आले.

"वहिनी," त्यांनी वाचलं. "ही कंपनी कुठली? होजिअरीवाल्या तिरुपूरची का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"साड्यांतली असंल," सर म्हणाले. "आता इकडं उतरली वाटतं. दोन डझन मागवा जल्दी."

"सर," मी म्हणालो, "वहिनी म्हणजे आपल्या वहिनी. तुमच्या घरच्या."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. कागद तोच होता. मला त्या क्षणी वहिनींचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी चहा प्यायलो तर तो भलताच गरम निघाला.

"मला घरी सोडा," सर म्हणाले.

वहिनी मशीनवर बसल्या होत्या. आम्हाला पाहून पाय थांबला. सर दारातच उभे राहिले, साहेबांपुढं उभं राहावं तसे.

"निकाल लागला," ते म्हणाले. "सात नंबर पहिला."

"शेरा?" वहिनींनी विचारलं.

"उत्तम."

"तोंडी नको. लिहून द्या." वहिनींनी मशीनचा खण उघडला आणि ती पिवळी चिठ्ठी पुढं केली. "ह्याच्यावरच लिहा."

सरांनी चिठ्ठी ओळखली. त्यांचे कान लाल झाले. लॅबमध्ये चुकलेली नोंद खोडून काढायची नसते, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवी नोंद करायची आणि सही, तारीख टाकायची. सरांनी तसंच केलं. 'नापास'वर रेघ. शेजारी 'उत्तम'. सही. मग पेन तसंच हातात धरून ते म्हणाले, "तेव्हा मी चुकलो. एका नमुन्यावर निकाल द्यायला नको होता." त्यांच्या भाषेत याच्यापेक्षा मोठी माफी नव्हती, आणि वहिनींना ती भाषा येत होती.

इथंच सगळं गोड झालं असतं, पण सरांना राहवलं नाही. "दोन डझन शिव. ब्याण्णवच्या."

वहिनींनी गळ्यातला टेप काढला. "ब्याण्णव कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? माझं माप आहे ते."

"कधी घेतलं?"

सर विचारात पडले. आठवून आठवून म्हणाले, "लग्नाचा सूट शिवला तेव्हा."

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. वहिनींनी टेप फिरवला. नव्व्याण्णव. सर म्हणाले, टेप ताणलाय. वहिनींनी दुसरा आणला. नव्व्याण्णव. सर म्हणाले, एक मोजणी धरत नाहीत, चार पाहिजेत. चारदा मोजलं. चारही वेळा नव्व्याण्णव, आणि एकदा तर त्यांनी श्वास धरला होता.

"पंच्याण्णव सैल म्हणून उतरत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पोट ढकलतं म्हणून उतरते. मी रोज तारेवर घालते, मला दिसत न्हाई का? साऱ्या जगाच्या पिशव्या नऊ महिन्यांनी पुन्हा मोजता. तुमच्या लेबलची मुदत कधीच संपल्ती."

सर खुर्चीत बसले. सत्तावीस वर्षांची पत्रं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावीत. "म्हणजे कंपन्यांचा दोष नव्हता?" ते क्षीण आवाजात म्हणाले. मला त्यांची दया आली. मी म्हणालो, "सर, दुकानात शंभरची मिळते की. आयती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा खिडकीकडे वळलो. "एका सेंटिमीटरनं सैल," ते म्हणाले. आणि मग जरा सावरून, "आणि टॅग. टॅगचा दोष होताच."

सर आता निवृत्त झालेत. परवा कंपनीचे काही कागद सहीला घेऊन गेलो होतो. अंगणातल्या तारेवर सहा पांढऱ्या अंडरवेअर वाळत होत्या, आणि प्रत्येकीला मागं, बरोबर त्याच वैऱ्याच्या जागी, कापडाचा छोटा टॅग शिवलेला. निळ्या दोऱ्यानं कमरेचा आकडा भरला होता, आणि त्याखाली 'मुदत नऊ महिने'.

सर बोलता बोलता पाठीमागं हात नेऊन खाजवत होते.

"टोचतो का, सर?"

"टोचतो ना. भयानक टोचतो."

"मंग कात्री कुठं गेली?"

सरांनी आत पाहिलं. मशीन चालू होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "मुदत संपली की ती स्वतः उसवते. मंग समोर उभं करून माप घेते, न् नवा लावते." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. एका तारखेभोवती लाल गोल होता. "पंधरा दिवसांवर मोजणी आलीय."

असं म्हणून त्यांनी शर्ट खाली ओढला, ताठ बसले, आणि आत्तापासूनच पोट आत घेतलं.